खडूने लिहिलेली भिंत : १०८ वर्षं वाट पाहिलेल्यांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, अशी ज्यांची नेहमीची तक्रार असते त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही टाकतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी सगळं तसंच.

आजची गोष्ट एका भिंतीची आहे. शिकागोच्या उत्तर भागात रिग्ली फील्ड नावाचं बेसबॉलचं मैदान आहे, १९१४ सालचं. मैदानाच्या दोन बाजूंनी वेव्हलँड आणि शेफील्ड असे दोन रस्ते जातात. २०१६ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या रस्त्यांवरच्या विटांच्या भिंती खडूने भरून गेल्या होत्या. हात पोचेल तिथपर्यंत, आणि कुणाच्या तरी खांद्यावर चढून त्याच्याही वर. पांढरे, निळे, लाल, गुलाबी खडू. घोषणा होत्या, हृदयं होती, पण सगळ्यात जास्त होती ती नावं. आजोबांची, आईची, भावाची, शेजारच्या म्हातारबुवांची. त्यातली बरीचशी माणसं जिवंत नव्हती.

त्या भिंतीचा एक फोटो माझ्या फोनमध्ये आहे. आत्याने पाठवलेला. त्यात अगदी खाली, फुटपाथला लागून, देवनागरीतली एक ओळ आहे. त्या ओळीपर्यंत पोचायला आपल्याला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा बसा निवांत.

आधी संघाचं नाव. शिकागो कब्स. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू. मराठीत हे नाव लिहिताना जपावं लागतं. 'कब्ज' असं लिहिलं की वेगळंच दुखणं होतं, आणि माझे बाबा मुद्दाम तसंच म्हणायचे. "दाजी, शंभर वर्षं झाली, तुमचं कब्ज काही सुटत नाही." दाजी म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे शिकागोचे काका. त्यांच्याबद्दल सांगतेच.

कब्स शेवटचे जिंकले होते १९०८ साली. म्हणजे कधी, ते बघा. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना मंडालेला नेलं. टिळक मंडालेत पोचले, आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या संघाने डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर टिळक सुटून आले, वारले, दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला, संयुक्त महाराष्ट्र झाला, टीव्ही आला, मोबाईल आला. कब्स जिंकले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, संघ हरतात, त्यात काय. पण बेसबॉलचा हंगाम समजून घ्या. एप्रिल ते सप्टेंबर, एका संघाचे १६२ सामने. जवळजवळ रोज एक. वर्ल्ड कपसारखी चार वर्षांनी येणारी पाहुणी नाही ही, रोजच्या दुधासारखं आहे. रेडिओ लावायचा, अंगणात बसायचं, बाप पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरतोय आणि पोर शेजारी बसून शिकतंय. उन्हाळा संपला की संघ हरलेला असायचा आणि बाप म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. एक दिवस बाप गेला. मग पोर आपल्या पोराला तेच सांगायला लागलं. १०८ वर्षांत अशा चार पिढ्या सहज बसतात. थोडक्यात, कब्सवर जीव लावलेली बहुतेक माणसं संघाला जिंकताना न बघताच गेली.

मधल्या काळात लोकांना हरण्याचं काहीतरी कारण हवं होतं, आणि ते एका बोकडाने पुरवलं. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये कब्स पोचले होते. ६ ऑक्टोबरला रिग्ली फील्डवर चौथा सामना. बिली सियानिस नावाचा ग्रीसहून आलेला एक दारूगुत्तेवाला दोन तिकिटं घेऊन आला, एक स्वतःचं आणि एक त्याच्या मर्फी नावाच्या बोकडाचं. बोकडाला बाहेर काढलं. वास येतो म्हणून, असं सांगतात. सियानिस चिडला आणि म्हणाला की आता हा संघ कधी जिंकणार नाही. या गोष्टीच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि गुत्त्याची जाहिरात म्हणून ती किती फुगवली गेली असेल याबद्दल मला शंका आहे. पण कब्स ती मालिका हरले, आणि त्यानंतर ७१ वर्षं वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलेसुद्धा नाहीत. एवढ्यावर माणसं शाप मानतात. आपणही मानला असता.

आता काका. सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर, १९७४ मध्ये शिकागोला गेले. शिक्षण असलं तरी पहिली नोकरी मिळाली ती एका कारखान्यात रात्रपाळीची. सकाळी घरी यायचं, झोपायचं, दुपारी उठायचं. आत्या तेव्हा सांगलीतच होती, व्हिसाची वाट बघत. दुपारी उठल्यावर घरात माणूस नाही, बाहेर ओळख नाही. टीव्ही लावला की चॅनेल नाइनवर बेसबॉल.

का, तर रिग्ली फील्डवर दिवे नव्हते. बाकी सगळ्या मोठ्या मैदानांवर केव्हाच दिवे लागले होते. खरं तर कब्सनेही १९४१ मध्ये दिव्यांचं सामान आणून ठेवलं होतं, पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मालकाने ते सगळं युद्धासाठी देऊन टाकलं. मग ते राहिलंच. १९८८ च्या ऑगस्टपर्यंत कब्सचा घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना दुपारी, उन्हात व्हायचा. दिवसा कामावर जाणाऱ्याला तो बघता यायचा नाही. बघायचे कोण, तर शाळेतून पळालेली पोरं, म्हातारी माणसं, आणि रात्रपाळीवाले. आमचे काका कब्सचे झाले ते असे. ज्याला दुपारी घर खायला उठतं त्याला जो सोबत करतो तो आपला, एवढाच हिशोब.

काकांच्या बाबांना येणाऱ्या निळ्या एरोग्राममध्ये तब्येत, पगार, बर्फ आणि शेवटी कब्सचा स्कोअर असायचा. बाबांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सांगलीच्या आमच्या घरात अर्नी बँक्स हे नाव माहीत होतं.

अर्नी बँक्स १९५३ ते १९७१ कब्सकडून खेळला. ५१२ होमरन. क्रिकेटच्या भाषेत म्हणायचं तर मैदानाबाहेर गेलेले ५१२ षटकार. पण २,५०० च्या वर सामने खेळून त्याला हंगामानंतरच्या बादफेरीचा एकही सामना मिळाला नाही. एकही नाही! तरी हा माणूस ऊन छान पडलंय म्हणून आज दोन सामने खेळू या म्हणायचा. १९६९ मध्ये वाटलं होतं, यावेळी नक्की. ऑगस्टपर्यंत कब्स भरपूर पुढे होते. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला सामना चालू असताना एक काळं मांजर मैदानात आलं आणि रॉन सँटो बॅट घेऊन आपली पाळी यायची वाट बघत उभा होता त्याच्या शेजारून गेलं. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. न्यूयॉर्क मेट्स पुढे निघून गेले.

सँटोला मधुमेह होता, खेळत असल्यापासून. पुढे त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. तरी तो रेडिओवर कब्सची कॉमेंट्री करत राहिला, २०१० पर्यंत, आणि कॉमेंट्री म्हणजे काय, झेल सुटला की हा माणूस माइकवर सरळ कळवळायचा. डिसेंबर २०१० मध्ये तो वारला. बरोबर एका वर्षाने त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. बँक्स गेला जानेवारी २०१५ मध्ये. पुढच्याच वर्षी संघ जिंकला.

आणि स्टीव्ह गुडमन. हा खेळाडू नाही, गायक. शिकागोचाच. विशीत त्याला ल्युकेमिया झाला आणि पुढची पंधराएक वर्षं तो त्याच्याबरोबर जगला. त्याने एक गाणं लिहिलं, मरणाला टेकलेल्या एका कब्सच्या चाहत्याच्या शेवटच्या इच्छेबद्दल. ते इतकं कडूगोड होतं की संघाच्या व्यवस्थापनाला पचेना, फारच उदास आहे म्हणाले. मग १९८४ मध्ये त्याला रेडिओसाठी नवं गाणं करायला सांगितलं तेव्हा त्याने मुद्दाम अगदी साधं, उड्या मारायला लावणारं 'गो कब्स गो' लिहिलं. त्या वर्षी ३९ वर्षांनी पहिल्यांदा कब्स बादफेरीत पोचले. २४ सप्टेंबरला ते नक्की झालं. गुडमन २० सप्टेंबरला गेला होता. चार दिवस.

चार दिवस राहिले असते तर काय झालं असतं? काही नाही. कब्स पुढे हरलेच. पण मी हा भाग लिहिताना या चार दिवसांपाशी खूप वेळ थांबले होते, हे कबूल करते.

२००३ भराभर सांगते. वर्ल्ड सिरीज फक्त पाच बाद दूर होती, म्हणजे पाच विकेट समजा. प्रेक्षकांच्या दिशेने आलेल्या एका चेंडूला एका चाहत्याचा हात लागला, झेल हुकला आणि त्यानंतर त्या एकाच इनिंगमध्ये समोरच्यांनी आठ धावा काढल्या. सगळं खापर त्या माणसावर. त्याचं नाव मी घेत नाही, त्या शहराने त्याला पुरेसं छळलंय. जिंकल्यानंतर, २०१७ मध्ये, संघाने त्यालाही विजेतेपदाची अंगठी दिली. उशिरा का होईना.

२००४ मध्ये मात्र बोस्टनला जे झालं ते इथे सांगायला हवं, कारण भिंतीची खरी सुरुवात मला तिथे दिसते. बोस्टनचा रेड सॉक्स संघ १९१८ नंतर जिंकला नव्हता. ८६ वर्षांनी जिंकला. पुढच्या दिवसांत बोस्टनच्या आसपासच्या कबरस्तानांत माणसं जाऊ लागली. कबरींवर संघाची निशाणं खोचलेली, टोप्या ठेवलेल्या, वर्तमानपत्रांची पहिली पानं दगडाखाली दाबून ठेवलेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी आवाहन केलं नव्हतं. बातमी पोचवायची होती, बस. ज्याच्याबरोबर वाट पाहिली त्याला कळवलं नाही तर ती बातमी पुरी होत नाही.

तो बोस्टनचा संघ बांधणाऱ्या थिओ एपस्टीनला २०११ च्या अखेरीस कब्सने आणलं. त्याने काय केलं, तर आधी संघ अजून हरू दिला. महाग, थकलेले खेळाडू काढले, तरुण पोरं जमवली. अमेरिकेत ज्याचा संघ वाईट हरतो त्याला पुढच्या निवडीत आधी नंबर मिळतो. २०१२ मध्ये कब्स १०१ सामने हरले आणि त्या बदल्यात जून २०१३ मध्ये त्यांना क्रिस ब्रायंट नावाचा मुलगा निवडता आला. हे नाव लक्षात ठेवा.

काकांना ही योजना पटली होती. "हा पोरगा हुशार आहे," बाबांना फोनवर म्हणाले होते, "पाच वर्षं द्या त्याला." २०१३ च्या हंगामात कब्स ९६ सामने हरले. हंगाम सप्टेंबरच्या शेवटी संपला. ऑक्टोबरमध्ये काका गेले. ब्रायंटच्या निवडीची बातमी त्यांनी वाचली असेल. त्याला कब्सच्या जर्सीत खेळताना पाहिलं नाही, तो पहिला सामना खेळला २०१५ मध्ये.

शिकागोत बोहेमियन नॅशनल सिमेटरी नावाचं एक जुनं कबरस्तान आहे. तिथे कब्सच्या चाहत्यांच्या अस्थी ठेवायला एक खास भिंत बांधलीय, अगदी रिग्ली फील्डच्या वेलींनी मढलेल्या भिंतीसारखी. काकांनी तिची बातमी वाचली तेव्हा आत्याला म्हणाले होते, "मला तिथे ठेव गं." आत्या म्हणाली, "काहीतरीच काय." डिसेंबरमध्ये ती अस्थी घेऊन सांगलीला आली. हरिपूरला, जिथे कृष्णा आणि वारणा भेटतात तिथे विसर्जन केलं. काकांच्या वडिलांचंही तिथेच केलं होतं. रीत म्हणून सगळं नीट झालं. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. काकांचं शिकागोत काहीच उरलं नाही, कुठला दगड नाही, कुठला कोपरा नाही. चाळीस वर्षं राहून.

मग २०१६. दिवाळीतले दिवस होते. १ नोव्हेंबरला भाऊबीज. आत्याचा बाबांना फोन आला तो ओवाळणीच्या गप्पांसाठी, पण दोन मिनिटांत गाडी कब्सवर आली. सातपैकी चार सामने जिंकायचे असतात. कब्स १-३ ने मागे पडले होते आणि मग पाचवा सामना जिंकले होते. त्या रात्री सहावाही जिंकले. ३-३. शेवटचा सामना क्लीव्हलँडला, २ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे गुरुवारची सकाळ.

एक सांगू? आत्याला बेसबॉल आवडायचा नाही. तिच्या तोंडी कायम "तुमचे कब्स". तुमचे कब्स हरले, जेवायला या. पण ती गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवर सामना लावून स्वयंपाक करत होती, हे आम्हाला तिच्या मुलाकडून कळलं.

त्या सकाळी बाबा फोनवर स्कोअर बघत होते आणि व्हॉट्सअॅप कॉलवर आत्या. मी ऑफिसला निघायचं सोडून दारात चप्पल घालून उभी. कब्स ६-३ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडने एकाला घरी आणलं, आणि मग राजय डेव्हिसने होमरन मारला. ६-६. बाबा म्हणाले, "गेलं." आत्या काही बोलली नाही. नऊ इनिंग संपल्या आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. त्या सतरा मिनिटांत जेसन हेवर्ड नावाच्या खेळाडूने सगळ्यांना एका खोलीत गोळा करून चार शब्द सुनावले, हे आता सगळ्या पुस्तकांत आहे. आमच्या पुस्तकात एवढंच आहे की आत्याने फोन ठेवला नाही आणि बोललीही नाही. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते आणि भांड्यांचा आवाज येत होता. ती ओटा पुसत होती.

दहाव्या इनिंगमध्ये बेन झोब्रिस्टने चेंडू डाव्या कोपऱ्यात मारला. ७-६. मग ८-६. क्लीव्हलँडने एक परत काढला, ८-७. शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला तो क्रिस ब्रायंटकडे. ओलं गवत. त्याचा पाय घसरला, पण फेक सरळ गेली. पहिल्या बेसवर अँथनी रिझोने चेंडू पकडला आणि तो पहिल्यांदा मागच्या खिशात टाकला. आपल्या घड्याळात सव्वादहा वाजले होते.

बाबा ओरडले. पलीकडून थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला. "हे बघायला पाहिजे होते ते." आणि मग माझे बाबा, आयुष्यभर दाजींची खिल्ली उडवलेले, डोळे पुसत गॅलरीत गेले.

शिकागोत त्यानंतरचे काही दिवस काय चाललं होतं ते फोटोंमधून, व्हिडिओंमधून सगळ्या जगाने पाहिलं. एक माणूस शेकडो मैल गाडी चालवत वडिलांच्या कबरीपाशी गेला होता आणि तो शेवटचा सामना त्याने तिथे बसून रेडिओवर ऐकला, कारण दोघांचं तसं ठरलं होतं. हॅरी कॅरे हा कब्सचा फार लाडका कॉमेंटेटर, १९९८ मध्ये गेलेला. १९९१ चा एक भिकार हंगाम संपताना तो म्हणाला होता की देवाने हिरवी सफरचंदं केली हे जितकं खरं, तितकंच खरं की हा संघ एक दिवस वर्ल्ड सिरीजमध्ये जाईल. त्याच्या कबरीवर लोकांनी हिरवी सफरचंदं आणून ठेवली. आणि रिग्लीच्या भिंतीवर खडू. संघाने अडवलं नाही. अनोळखी माणसं एकमेकांना खडू देत होती, एकमेकांच्या आज्यांची नावं विचारत होती. ४ नोव्हेंबरला मिरवणूक निघाली, लाखो माणसं रस्त्यावर, आणि गुडमनचं गाणं.

शनिवारी आत्याचा मुलगा तिला गाडीतून तिथे घेऊन गेला. आत्या तेव्हा सत्तरीला टेकलेली. भिंतीवर जागा नव्हती. एका कॉलेजच्या पोराने तिच्या हातात निळ्या खडूचा तुकडा दिला आणि अगदी खाली, फुटपाथपाशी, वीतभर मोकळी वीट दाखवली. ती तिथे मांडी घालून बसली. नेसूचं सावरून, वर स्वेटर.

आत्याने आयुष्यात काकांचं नाव घेतलं नाही. लग्नातला उखाणा सोडला तर कधीच नाही. अमेरिकेत चाळीस वर्षं काढली, बँकेत, दवाखान्यात नाव विचारलं की ती कागद पुढे करायची. तिथल्या भिंतीवर हजारो नावं. जॉन, मेरी, ग्रँडपा अमुक, डॅड तमुक. आणि हिने लिहिलं:

अहो, जिंकलो.

मुलगा म्हणाला, "आई, बाबांचं नाव लिही ना, कुणाला कळणार हे?" ती म्हणाली, "कुणाला कळवायचंय?"

मला त्या फोटोत 'अहो'पेक्षा दुसरा शब्द जास्त दिसतो. 'जिंकले' नाही. 'तुमचे कब्स' नाहीत. जिंकलो.

थोड्याच दिवसांत भिंत धुतली गेली. हिवाळ्यात मैदानाच्या दुरुस्तीचं काम सुरू होणार होतं. खेळाच्या इतिहासात सगळं जपलं जातं. शेवटचा चेंडू, कोणत्या मिनिटाला पाऊस थांबला, कुणी किती फेकले. ज्यांनी १०८ वर्षं तिकिटं काढली, रेडिओ ऐकला, पोरांना तो नाद लावला, त्यांची एकमेव यादी मात्र खडूने लिहिलेली होती. इतिहास शिकलेल्या माणसाला असं कागदपत्र पाण्याच्या फवाऱ्याखाली गेलेलं बघून तुटतं. मी आत्याला फोन केला, वाईट वाटलं का विचारायला. ती म्हणाली, "पाण्यानंच गेलं ना? मग झालं."

आणि हो, क्लीव्हलँड. ते शेवटचे जिंकले १९४८ मध्ये, आणि हे लिहीपर्यंत परत जिंकलेले नाहीत. त्यांच्याही भिंतीची नावं साठतायत. कब्सची गोष्ट सांगताना सगळे त्यांना विसरतात.

इथे हा भाग संपवणार होते. पण या वर्षी मला ही गोष्ट सांगाविशी का वाटली, ते सांगितलं नाही तर लबाडी होईल.

२३ जुलै २०१७. लॉर्ड्सवर महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध इंग्लंड. बाबा आणि मी सोफ्यावर. बाबांचा सगळा जीव स्मृती मानधनावर. का? सांगलीची पोरगी. बस. स्पर्धेतल्या पहिल्या दोन सामन्यांत तिने ९० आणि नाबाद १०६ केल्या होत्या तेव्हा बाबांनी सोसायटीत पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. फायनलमध्ये ती शून्यावर गेली. आपण ३ बाद १९१ वरून २१९ वर संपलो. नऊ धावांनी हरलो. बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आणि मग स्वतःच हसले, दाजींचं वाक्य आपल्या तोंडी आलं म्हणून.

महिला क्रिकेटची आपल्याकडची गोष्ट तशी पुण्याच्या फार जवळची आहे. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यातच झाली, फक्त तीन संघांची. त्या बायकांनी विनाआरक्षण डब्यांतून प्रवास करून खेळ जिवंत ठेवला. त्यावर एक वेगळा भाग करायचाय, करेन.

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. तो एप्रिल कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. हरिपूरला जाता आलं नाही.

२ नोव्हेंबर २०२५. तारीख बघा, तीच. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. आपल्या २९८. शफालीच्या ८७, दीप्तीच्या पाच विकेट. मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतने मागे पळत शेवटचा झेल घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो. पोरींनी कप नेऊन झुलन आणि मिताली यांच्या हातात दिला, निवृत्त झालेल्या, कप न मिळताच गेलेल्या. मी ते बघत होते आणि फोन वाजला. आत्या. तिकडे दुपार.

पहिलं वाक्य, "बाबाला सांगितलंस का?"

मी म्हटलं, "आत्या, कुठे सांगू?"

ती म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझा बाबा होता. तुला माहीत."

लहानपणी आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडवर बाबांनी मला स्टंप काढून दिले होते. खडू नसायचा, विटेच्या तुकड्याने. पावसात पुसले गेले की परत काढायचे. गोलंदाजीही तेच करायचे, खालच्या हाताने.

सकाळी साडेसहाला मी खाली गेले. विटेचा तुकडा शोधायला वेळ लागला नाही, मागे कुणाच्या तरी फ्लॅटचं काम चालू आहे. काय लिहायचं याचा रात्रभर विचार केला होता, पण उभी राहिले तेव्हा एकच आठवलं. मी घरात शिरले की बाबा सामना कोण जिंकलं हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, स्मृतीच्या किती?

मी लिहिलं: बाबा, जिंकलो. स्मृती ४५.

मागून वॉचमनकाका आले. "ताई, परवाच रंग दिलाय भिंतीला."

"पाण्याने जाईल," मी म्हटलं. ते वाचत उभे राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "४५ का? मला वाटलं पन्नास झाले होते."